गणिताच्या पेपरआधी काय काय तपासायचं

नागपुरात सक्करदऱ्याला माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या दहावीच्या पोरांना मी दरवर्षी हे तोंडी सांगते, यंदा लिहूनच काढलं.

सगळ्यात आधी कंपासपेटी उघड, बेटा. कंपासमध्ये पेन्सिल बसव, स्क्रू आवळ आणि कोऱ्या पानावर एक पूर्ण वर्तुळ काढ. पेन्सिलीचं टोक निघालं तिथेच परत आलं तर ठीक. तांदळाएवढी फट राहिली तरी स्क्रू ढिला आहे, आणि रचनेच्या प्रश्नात तो तुला दगा देणार. नवा कंपास सीताबर्डीवर किंवा महालात कुठेही मिळेल, पण आजच आण म्हणजे हाताला सवय होईल. पेन्सिली दोन ठेव, दोन्ही टोकदार. खोडरबर ठेव, पण रचनेतले कंस पुसायचे नाहीत, तुझी रीत त्यांच्यावरूनच दिसते.

बीजगणिताचा सराव करताना पहिली ओळ ‘समजा’ने सुरू होते की नाही ते बघ. आणि ती कशी लिहितोस तेही बघ, कारण माझी निम्मी पोरं इथेच घसरतात. समज, ३ किलो संत्री आणि २ किलो मोसंबीचे २९० रुपये झाले, २ किलो संत्री आणि ३ किलो मोसंबीचे ३१०. पोरं लिहितात ‘समजा संत्री एक्स’. एक्स म्हणजे किलो की रुपये? ‘१ किलो संत्र्यांचा भाव एक्स रुपये, १ किलो मोसंबीचा वाय रुपये’ असं पूर्ण लिही, म्हणजे समीकरणं आपोआप मांडली जातात. इथे सहगुणकांची अदलाबदल झालेली दिसते ना? मग गुणाकार करत बसू नकोस. दोन्ही समीकरणं मिळवून ५ ने भागली की एक्स अधिक वाय १२०, दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की वाय वजा एक्स २०. मोसंबी ७०, संत्री ५०. आता हे आकडे दोन्ही मूळ वाक्यांत घालून बघ: १५० आणि १४०, झाले २९०, १०० आणि २१०, झाले ३१०. या पडताळ्याला अर्धा मिनिट लागतो, तो सोडू नकोस.

वर्गसमीकरणात उजवी बाजू शून्य केल्याशिवाय सूत्राला हात लावायचा नाही. संभाव्यतेत नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या शक्य निकालांची यादी, पूर्ण लिहायचा. श्रेढीची सूत्रं रोज एकदा न बघता लिहायची, बस.

भूमितीत आकृती आधी, तीही मोठी, आणि दिलेली प्रत्येक गोष्ट तिच्यावर. वर्तुळाची त्रिज्या ५ सेमी, केंद्रापासून १३ सेमीवरच्या बिंदूतून स्पर्शिका काढली, तिची लांबी विचारली. स्पर्शबिंदूपाशी काटकोनाची खूण केलीस की काटकोन त्रिकोण समोर येतो: १६९ वजा २५, म्हणजे १४४, लांबी १२ सेमी. पण काटकोन का, ते शेजारी लिही: स्पर्शिका-त्रिज्या प्रमेय. तोंडपाठ असलेलं कारण कागदावर न लिहिल्याने गुण गेलेले मी फार पाहिलेत, आणि दर वेळी जीव हळहळतो.

बीजगणित आणि भूमिती, दोन्ही पेपर ४० गुणांचे, वेळ दोन तास. निदान तीन जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडव. हॉल तिकीट, दोन पेन, पाण्याची बाटली रात्रीच पिशवीत टाक. वर दुपट्टा ठेव, परतताना ऊन लागतं.