बटू दीर्घिकांचे वर्णपट वाचताना या चुका टाळा

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी नागपुरात दुर्बीण शोधत बसायची गरज नाही, स्लोन सर्व्हे या आकाश-सर्वेक्षणाचे वर्णपट (प्रकाशाची तरंगलांबीनुसार केलेली फोड) फुकट मिळतात. पण तारे घडवणाऱ्या बटू, म्हणजे लहान, दीर्घिका निवडल्या असतील तर जपून. त्यांच्या वायूचा फिरण्याचा वेग बऱ्याचदा सेकंदाला 20 ते 60 किमी एवढाच असतो. मोठ्या दीर्घिकेत खपून जाणारी चूक इथे अख्खं उत्तर गिळते.

पहिला घोळ तरंगलांबीचा. स्लोनमध्ये तरंगलांबी निर्वातातली असते, म्हणजे एच-अल्फा ही हायड्रोजनची रेषा 6564.6 अँगस्ट्रॉमला. पाठ्यपुस्तकातला 6562.8 हा आकडा हवेतला. दोन्हींची सरमिसळ झाली की वेग सेकंदाला 83 किमीने चुकतो.

रेषेची सगळी रुंदी वायूच्या खळबळीची नसते. मोजलेला सिग्मा (रुंदीचं माप, सेकंदाला किमीमध्ये) 25, उपकरणाचा 15 आणि 10,000 केल्विनला हायड्रोजनचा उष्णतेमुळे येणारा 9 असेल, तर वर्गांची वजाबाकी करून उरतो साधारण 18. स्लोनच्या उपकरणाचाच सिग्मा 70 च्या घरात आहे. त्यामुळे ही खळबळ मोजायला तो डेटा घेऊच नका.

वायूतल्या मूलद्रव्यांचं प्रमाण काढताना एच-बीटा या हायड्रोजनच्या दुसऱ्या रेषेकडे आधी बघा. ताऱ्यांच्या शोषणामुळे ती रेषा 1-2 अँगस्ट्रॉमने खाल्ली जाते. ते भरून काढलं नाही तर एच-अल्फाशी गुणोत्तर फुगतं आणि नसलेली धूळ दिसू लागते.

खरी कसोटी ऑक्सिजनच्या 4363 अँगस्ट्रॉमच्या रेषेची. वायूचं तापमान तिच्यावरून निघतं, त्यावरून ऑक्सिजनचं प्रमाण, आणि ती फार क्षीण असते: 15,000 केल्विनला ऑक्सिजनच्याच 4959 आणि 5007 या रेषांच्या बेरजेच्या सत्तराव्या भागाइतकी. आधी 5007 ला 4959 ने भागा. 2.98 च्या आसपास येत नसेल तर 5007 चा डिटेक्टर भरून वाहिलाय किंवा फिट बिघडलाय. तापमान काढूच नका.

आयसी 10 ही दीर्घिका सेकंदाला 348 किमी वेगाने आपल्याकडे येते. तिची 4363 सरकून 4358.1 वर येते, आणि पाऱ्याच्या दिव्यांची रेषा आहे 4358.3 वर! वेधशाळेजवळ असे दिवे असतील तर आकाशाची वजाबाकी जराशी चुकली तरी तापमान भलतंच येतं. त्या पट्ट्यातलं नुसतं आकाश वेगळं काढून डोळ्यांनी तपासा.

4363 गोंगाटाच्या तिपटीहून (तीन सिग्मा) क्षीण असेल तर ती दीर्घिका यादीतून काढू नका. रेषेची वरची मर्यादा द्या. त्यावरून तापमानाची वरची आणि ऑक्सिजनच्या प्रमाणाची खालची मर्यादा मिळते. अशा दीर्घिका गाळल्या तर गोंगाटाने रेषा उचललेल्याच उरतात, तापमान जास्त निघतं आणि ऑक्सिजन खरोखर आहे त्याहून कमी दिसतो.