तारण जातं का? डोकं न तापवता कसं बघायचं

तारण म्हणजे ख्रिस्ती विश्वासात येशूमुळं पापातून होणारी सुटका. कोणी म्हणालं "पाप केलंस, तारण गेलं" तर लगेच घाबरायचं नाही, आधी बायबल उघडायचं. योहान 10:28-29 वाचा, येशू म्हणतो माझ्या हातातून त्यांना कोणी हिसकावून घेणार नाही, आणि लगेच इब्री 6:4-6 पण वाचा, तिथं विश्वास सोडून गेलेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडं आणणं अशक्य असं लिहिलंय, सोयीचं तेवढंच घ्यायचं असं चालणार नाही बरं का. मग बोलणारा कुठल्या चर्चचा ते बघा की, कारण यावर प्रत्येक चर्चची शिकवण वेगळी. आपल्या कोल्हापुरात प्रेस्बिटेरियन (एक प्रोटेस्टंट पंथ) मिशनचं काम जुनं, त्यांची लाइन नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या 1618-19 च्या चर्चसभेची, खरा विश्वासणारा शेवटपर्यंत टिकतोच. मेथडिस्ट (दुसरा प्रोटेस्टंट पंथ) म्हणतात माणूस विश्वास सोडू शकतो, कॅथलिक म्हणतात मोठ्या पापानं कृपा जाते पण पापकबुलीनं परत मिळते. मला तर इब्री 6 कडक इशारा वाटतो, रडत बसलेल्याला हाकलायला लिहिलेलं नाही ते. तसा कोणी भेटला तर वचनं फेकू नका, पास्टरांकडं घेऊन जा.