विकास आराखड्यावर हरकत लिहिण्यापूर्वी नवी मुंबईची जुनी जमीन कशी वाचावी

प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की बहुतेक नागरिक आपल्या इमारतीभोवतीचे रंग तेवढे पाहतात: बगीचा कुठे, शाळा कुठे, रस्ता किती रुंद. नवी मुंबईत एवढ्याने भागत नाही. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर आखले गेले. येथील बहुतेक सेक्टरांखाली भातशेत, मिठागर किंवा खाजण (भरतीचे पाणी शिरणारी खारट, दलदलीची जमीन) आहे, आणि ती जमीन पूर्वी पावसात व उधाणात कशी वागत होती, हा आराखडा तपासणाऱ्याच्या हातातला सर्वांत भक्कम पुरावा असतो.

काम लहान क्षेत्रापासून सुरू करावे, कारण संपूर्ण शहराचा इतिहास गोळा करत बसल्यास हरकतींची मुदत निघून जाते. आपला सेक्टर ज्या गावाच्या हद्दीत होता त्याचा गावनकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून मिळवावा, त्यावरील सर्व्हे नंबर टिपावेत आणि जुने सातबारा उतारे व फेरफार काढावेत. पिकाच्या रकान्यात भात आहे की जमीन पोटखराब, म्हणजे लागवडीस अयोग्य, दाखवली आहे, एवढ्या नोंदीवरूनही पुष्कळ उलगडा होतो. त्यानंतर गावनकाशा आणि आजचा आराखडा एकाच मापात आणून गावनकाशा ट्रेसिंग पेपरवर उतरवावा. दोन्ही जुळवताना रस्त्यांवर विसंबू नये; गावदेवीचे देऊळ, जुनी विहीर, गावतळे अशा न हललेल्या किमान तीन जागा हेरून त्या एकमेकींवर बसवाव्यात. ओढे आणि खाडीचे फाटे निळ्या पेन्सिलीने, तर बांध तपकिरी पेन्सिलीने काढावेत. ज्या भूखंडावरून निळी रेघ जाते, तो आराखड्यात कशासाठी राखला आहे, हे सर्वांत आधी पाहावे.

कागदाइतकेच महत्त्व गावातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणींना द्यावे. मात्र ‘पूर्वी इथे कसे होते’ असा मोघम प्रश्न विचारल्यास उत्तरही मोघम मिळते. करावे किंवा दिवाळे येथील एखाद्या आजोबांजवळ बसून ‘आजोबा, उधाणाचे पाणी कुठवर चढायचे? उघाडी कुठे होती? बांध फुटला तर तो बांधायला कोण जायचे?’ असे विचारावे; उघाडी म्हणजे बांधातील पाणी सोडण्या-अडवण्याची झडप. आगरी-कोळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या खारबांध, म्हणजे खाडीचे खारे पाणी शेतात शिरू न देणारे बांध, राखले आहेत, त्यामुळे पाण्याची इतकी नेमकी माहिती इतरत्र क्वचितच मिळेल. एकाचे सांगणे दुसऱ्याकडून आणि नकाशावरून पडताळून घ्यावे. हरकतीत टिकते ते पडताळलेलेच.

पाण्याचा विषय सर्वांत अधिक बारकाईने पाहावा, असे माझे ठाम मत आहे. शहराचा मोठा भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली किंवा तिच्या बरोबरीने असल्यामुळे नियोजनकारांनी डच पद्धतीचे धारण तलाव योजले. भरतीच्या वेळी झडपा बंद राहतात, शहरातले पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटी लागली की ते खाडीत उतरते. शेतकऱ्याची उघाडीही याच तत्त्वावर चालत असे, आणि ते तत्त्व शहराच्या मापात आणणाऱ्यांच्या दूरदृष्टीचा आदरच वाटतो. पण पुढे अनेक तलावांत गाळ साचला, त्यावर कांदळवन वाढले आणि कांदळवनाला कायद्याचे संरक्षण असल्याने गाळ काढणे परवानग्यांत अडकले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तसा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, तर हे सगळे पाणी कुठे थांबणार, हे आराखड्याला विचारलेच पाहिजे. म्हणून तलावाचे मूळ क्षेत्र व आजचे मोकळे पाणी यांची तुलना करावी, आणि तलावाच्या किंवा पाणथळ जागेच्या कडेला नवे बांधकाम प्रस्तावित असेल तर ती तुलना हरकतीला जोडावी. गेलेली खाडी परत मागण्यात अर्थ नाही; तिने जेवढे पाणी सामावले, तेवढ्या पाण्याची आज सोय कुठे आहे, हे विचारावे.

दुसरा धडा गावठाणांचा आहे. शेती संपादित झाली, गावठाणे मात्र जागच्या जागी राहिली, कुटुंबे वाढली आणि घरे दाटत गेली. जानेवारी १९८४ मध्ये प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील भूसंपादनाविरोधी आंदोलनात उरण तालुक्यात पाच जणांनी प्राण गमावले; संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देणारी साडेबारा टक्के योजना त्याच संघर्षातून आली. त्यामुळे आराखड्यात गावठाण म्हणजे नुसती रिकामी चौकट दिसत असेल, तर गल्ल्यांची रुंदी, अग्निशमन गाडीची वाट, सांडपाण्याची वाहिनी आणि विस्ताराची जागा त्यात दाखवावी, अशी स्पष्ट मागणी करावी.

वाहतुकीबाबत फक्त क्रम तपासावा. खाडीपूल १९७३ मध्ये झाला, पण मानखुर्दहून वाशीला लोकल आली ती १९९२ मध्ये, तीही खर्चाचा दोन तृतीयांश वाटा सिडकोने उचलल्यावर. नव्या वसाहतीसाठी घरे आणि वाहतूक यांचा एकत्र कालक्रम मागणे त्यामुळे रास्त ठरते.

हरकत महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ नुसार, नोटिशीत दिलेल्या मुदतीत द्यावी लागते. आपले क्षेत्र महापालिकेच्या नियोजनाखाली येते की सिडकोच्या, याची आधी खात्री करावी. एका अर्जात एकच विषय घ्यावा आणि आराखड्यातील शीट क्रमांक, सेक्टर, भूखंड व जुना सर्व्हे नंबर लिहून प्रस्ताव, पुरावा आणि मागणी याच क्रमाने मजकूर मांडावा. ट्रेसिंगची प्रत जोडावी, सुनावणीची मागणी अर्जातच नोंदवावी आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. कलम २८ खालील नियोजन समितीपुढे मोजकीच मिनिटे मिळतात. तेथे आधी नकाशा उघडून निळी रेघ दाखवावी आणि मग बोलावे. समितीचा अहवाल सादर झाल्यावर आपल्या हरकतीवर काय शिफारस झाली, याची प्रत माहितीच्या अधिकारात मागून घ्यावी.