दीर्घ कारकिर्दीच्या पॉप गायकाच्या नव्या अल्बमचा प्रकाशन कार्यक्रम कसा बसवावा

चाळीस-पन्नास वर्षे गात असलेल्या कलावंताचा नवा अल्बम येतो, तेव्हा त्याच्या कार्यक्रमाला येणारा श्रोता बहुधा जुनी गाणी ऐकायला येतो आणि कलावंत मात्र नवी गाणी ऐकवायला उत्सुक असतो. उषा उथुप यांनी १९६९ मध्ये चेन्नईतील एका नाइट क्लबमध्ये गायला सुरुवात केली, पुढे कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरील ‘ट्रिंकाज’मध्ये त्यांचे नाव झाले, आणि २०११ च्या ‘सात खून माफ’मधील ‘डार्लिंग’ने त्या अगदी नव्या पिढीपर्यंत पोहोचल्या. अशा कलावंताच्या कार्यक्रमात तीन पिढ्या एकाच सभागृहात बसलेल्या असतात आणि ‘त्यांचे गाणे’ म्हणजे कोणते, याचे प्रत्येकीचे उत्तर वेगळे असते. जुन्या गाण्यांच्या आधाराने नव्या गाण्यांना न्याय मिळेल असा कार्यक्रम बसवणे, हेच आयोजकाचे आणि संगीत संयोजकाचे मुख्य काम असते. बाकी सर्व व्यवस्था त्यासाठी असते.

पहिला निर्णय तारखेचा. २०१५ च्या जुलैपासून जगभर नवे संगीत शुक्रवारी प्रकाशित करण्याची पद्धत रूढ झाली आहे, त्यामुळे अल्बम शुक्रवारी आणि कार्यक्रम लगेच शनिवारी असा मोह होतो. माझ्या मते तो टाळावा. दोन-तीन आठवड्यांचे अंतर ठेवले, तर निदान एक-दोन नवी गाणी लोकांच्या कानांवर पडलेली असतात आणि ती सुरू होताच सभागृहात ओळखीची हालचाल होते. अनोळखी गाण्याला ती कधीच मिळत नाही. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर किंवा ठाण्याचे गडकरी रंगायतन यांसारख्या महापालिकेच्या नाट्यगृहांच्या तारखा फार आधी ठरतात, त्यामुळे आधी सभागृहाची तारीख पक्की करावी आणि त्यावरून मागे मोजत अल्बमची तारीख ठरवावी. गाणी संगीत-ॲपवर चढवण्याचे कामही शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये. स्पॉटिफायच्या संपादकांनी निवडलेल्या गीतयादीसाठी गाणे सुचवायचे असेल, तर ते प्रकाशनाच्या किमान ७ दिवस आधी सुचवावे लागते आणि प्रत्यक्षात त्याहून बराच अवधी हाताशी असलेला बरा.

गाण्यांची निवड झाली की सर्वांत नाजूक प्रश्न येतो, तो पट्टीचा, म्हणजे गाणे कोणता स्वर ‘सा’ धरून गायचे याचा. वयाबरोबर बहुतेक गळे खाली उतरतात. पंचविशीत ध्वनिमुद्रित केलेले गाणे साठीनंतर त्याच पट्टीत गायला लावणे हा कलावंतावर अन्याय आहे, आणि त्याचा ताण पुढच्या चार गाण्यांवर दिसतो. म्हणून पहिल्या तालमीपूर्वी गायक आणि कीबोर्डवादक अशा दोघांचीच एक बैठक ठेवावी व प्रत्येक जुन्या गाण्याचा सर्वांत उंच स्वर कोठे आहे ते तपासावे. मूळ गाणे हार्मोनियमच्या काळी चारमध्ये असेल, तर ते पांढरी पाच आणि काळी तीन अशा तिच्याखालच्या दोन्ही पट्ट्यांत म्हणून पाहावे. निर्णय सकाळच्या ताज्या गळ्यावर घेऊ नये. दीड तास गाऊन झाल्यावर जो स्वर सहज लागतो, तोच कार्यक्रमाच्या उत्तरार्धात लागणार असतो. फार खाली उतरवण्याचाही धोका आहे, कारण ध्रुवपद सुखाचे झाले तरी अंतऱ्यातील मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातील स्वर वाद्यांखाली दबून जातात.

पट्टी बदलली, एवढे सांगून वादकांवर सोडून देऊ नये. कीबोर्डवर ट्रान्सपोजचे बटण दाबले की काम होते, पण गिटारचे तसे नाही. कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून पट्टी चढवता येते, उतरवता येत नाही. पांढरी तीनमधील एखादे गाणे जर सहाव्या मोकळ्या तारेच्या नादावर उभे असेल, तर ते पांढरी दोनमध्ये नेल्यावर तो नाद नाहीसा होतो आणि गाणे पोकळ वाटू लागते. अशा गाण्यासाठी सर्व तारा एक स्वर खाली उतरवलेली दुसरी गिटार रंगमंचावर तयार ठेवावी. बासरीवाल्याला वेगळी बासरी घ्यावी लागेल, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनवाल्यांना नवे नोटेशन लिहून द्यावे लागेल. संगणकावरून वाजणारा आधीच मुद्रित केलेला भाग असेल, तर त्यातील तालवाद्ये वगळून फक्त स्वरवाद्यांची पट्टी बदलावी. एरवी ड्रमचा आवाज मेल्यासारखा येतो.

गाण्यांच्या क्रमासाठी माझा आग्रह असा की, सव्वादोन तासांच्या कार्यक्रमात वीस-बावीस गाणी असावीत आणि त्यांपैकी नवी सात-आठच असावीत. अल्बममधील सर्व गाणी ओळीने गाण्याची कल्पना कागदावर सुंदर दिसते, पण प्रेक्षागृहात चौथ्या अनोळखी गाण्याला मोबाइलचे पडदे उजळू लागतात. सुरुवात मध्यम लयीच्या, सर्वांना ठाऊक असलेल्या गाण्याने करावी, कारण पहिल्या गाण्यात ध्वनिसंयोजक अजून पातळ्या बसवत असतो आणि गायकाचा गळाही पुरता उघडलेला नसतो. पहिले नवे गाणे तिसऱ्या क्रमांकावर ठेवावे. मध्यंतरानंतर लगेच नवे गाणे ठेवू नये. चहा-वडा घेऊन परतणारे लोक पाच-सात मिनिटे खुर्च्या शोधत असतात. दोन उंच पट्टीची गाणी पाठोपाठ येऊ देऊ नयेत आणि उत्तरार्धात एखादे वाद्यसंगीत किंवा पाहुण्या कलावंताचे गाणे घालून मुख्य गायकाला चार मिनिटांचा विसावा द्यावा. अल्बममधील सर्वांत आवडते नवे गाणे शेवटून तिसरे असावे. त्यानंतर दोन हुकमी जुनी गाणी आली की लोक उठून नाचतात, आणि घरी जाताना नव्या गाण्याची चालही त्या उत्साहाबरोबर लक्षात राहते.

कारकिर्दीचा आढावा निवेदनातून यावा, पण नेमका यावा. गोव्याचे पॉप गायक रेमो फर्नांडिस यांनी १९८४ चा ‘गोअन क्रेझी’ हा अल्बम शिवोली या गावातील आपल्या घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर, वाद्ये स्वतःच वाजवून तयार केला होता. या एका तपशिलातून त्या काळातील स्वतंत्र पॉप संगीताची स्थिती जेवढी कळते, तेवढी ‘गोव्याचा लाडका सुपुत्र’ अशा दहा विशेषणांतून कळत नाही. १९९८ च्या ‘गारवा’ने मराठी श्रोत्याला पॉप अल्बमची गोडी लावली, तेव्हा गायक-संगीतकार मिलिंद इंगळे यांच्याबरोबर कवी सौमित्र यांच्या शब्दांचाही त्यात वाटा होता, म्हणून निवेदनात गीतकार आणि संगीतकार यांची नावे गाळू नयेत. वर्षे आणि नावे इंटरनेटवरून न उचलता कॅसेटच्या वेष्टनावरून किंवा तबकडीच्या मागील मजकुरावरून पडताळावीत. चित्रपटगीत असेल, तर चित्रपट पडद्यावर येण्याचे आणि गाणी बाजारात येण्याचे वर्ष वेगळे असू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

प्रकाशनाचा औपचारिक भाग आपल्याकडे हमखास लांबतो. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, सत्कार आणि मनोगते हे सर्व पहिल्या गाण्याच्या आधी, वीस मिनिटांत आटोपावे. मध्येच गाणी थांबवून प्रमुख पाहुण्यांना रंगमंचावर बोलावले, की चढलेला रंग उतरतो आणि गायकाचा तापलेला गळा थंड पडतो. पाहुण्यांना दोनच मिनिटे बोलण्याची विनंती आधी फोनवर, आदराने पण स्पष्टपणे करावी.

परवानग्यांत कसूर करू नये. रंगमंचावर गायल्या जाणाऱ्या गीत-संगीतासाठी गीतकार-संगीतकारांच्या आयपीआरएस या संस्थेचा परवाना लागतो. स्वतःचेच गाणे गात असलो तरी त्याचे हक्क दुसऱ्याकडे असू शकतात. मध्यंतरात मूळ ध्वनिमुद्रिका वाजवायच्या असतील, तर त्या ध्वनिमुद्रणाच्या हक्कधारकांची परवानगी वेगळी घ्यावी. तिकीट ५०० रुपयांपर्यंत असल्यास संगीत कार्यक्रमाच्या प्रवेशावर जीएसटी लागत नाही, त्याहून जास्त असल्यास १८ टक्के लागतो. त्यामुळे ५५० रुपयांचे तिकीट ठेवण्यापूर्वी हिशेब करून पाहावा. कार्यक्रम उघड्यावर असेल, तर ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद करावे लागतात. राज्य सरकार वर्षातून १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, पण आपली तारीख त्यांत असेलच असे धरून चालू नये. गोव्यात उघड्यावरच्या कार्यक्रमांची मोठी हौस आहे, तिथे साडेसहाला सुरुवात करणेच शहाणपणाचे ठरते. बंद सभागृहाला रात्रीचे हे बंधन नसते.

कार्यक्रमाच्या दिवशी साउंड चेकसाठी किमान तीन तास राखून ठेवावेत. आधी ड्रम, मग बास, मग स्वरवाद्ये आणि शेवटी कोरस असा क्रम लावावा. ज्येष्ठ गायकाला तोवर ताटकळत उभे करू नये, वाद्ये बसल्यावरच बोलवावे. त्याच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे गायकाला ऐकू येण्यासाठी रंगमंचावर ठेवलेल्या स्पीकरमध्ये, स्वतःचा आवाज आणि कीबोर्ड ठळक हवा, बाकीचे बेताचे. आपला आवाज नीट ऐकू आला नाही की गायक नकळत जोर लावतो, आणि जपून आणलेला गळा अर्ध्या तासात बसतो. नव्या गाण्यांचे शब्द पायाशी ठेवलेल्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत दिसतील अशी सोय करावी.

कार्यक्रमाचे चित्रीकरण करून ते यूट्यूबवर टाकायचे असेल, तर गायकाबरोबरच प्रत्येक वादक व कोरस गायकाची लेखी संमती तालमीच्या वेळीच घ्यावी, कारण सादरकर्त्यालाही आपल्या सादरीकरणावर कायद्याने हक्क असतो. संमतिपत्रात मानधनाची रक्कम, चित्रफीत कोठे दाखवली जाईल आणि तिच्या उत्पन्नात वाटा असेल की नाही, हे तिन्ही मुद्दे लिहावेत व सहीची एक प्रत वादकाच्या हाती द्यावी.