रिलीजपूर्वीची तयारी : करार, परवाने आणि इतरांचा डेटा

सॉफ्टवेअर ग्राहकांच्या हाती देण्यापूर्वीच्या तांत्रिक तपासण्यांची यादी जवळपास प्रत्येक टीमकडे असते. कायदा आणि व्यावसायिक नीती यांची यादी मात्र कोणाच्या तरी डोक्यात असते आणि ती व्यक्ती नेमकी रजेवर असते. म्हणून ही तयारी लिहून ठेवत आहे. रिलीजच्या किमान तीन-चार आठवडे आधी ती हाती घ्यावी, कारण यातील निम्मी कामे दुसऱ्याच्या सहीवाचून किंवा उत्तरावाचून अडून राहतात.

करार झाला आहे, गोपनीयतेच्या अटींवर सह्या आहेत आणि कोडची मालकी कोणाची हे कागदावर आहे, एवढे गृहीत धरतो. त्यात एकच भर घालतो : कंत्राटावर घेतलेल्या प्रोग्रामरने लिहिलेला कोड पैसे चुकते केले की आपला झाला, असे अनेक देशांच्या कायद्यात नाही. लेखी हस्तांतरण नसेल तर स्वामित्वहक्क लिहिणाऱ्याकडेच राहतो, आणि काम संपवून गेलेल्या माणसाला सहीसाठी शोधत बसावे लागते.

परवान्यांसाठी दोन दिवस राखून ठेवावेत. आपण स्वतः निवडलेल्या लायब्ररींची, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या संचांची, यादी करणे सोपे असते. त्या लायब्ररींनी आपल्यासोबत ओढून आणलेल्या लायब्ररींकडे कोणी बघत नाही, म्हणून यादी आठवणीतून न करता लॉक फाइलवरूनच, म्हणजे आत आलेल्या प्रत्येक लायब्ररीची नोंद असलेल्या फाइलवरूनच, काढावी. एमआयटी परवाना उदार आहे, तरी मूळ स्वामित्वाची सूचना आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवण्याची त्याची अट आहे आणि तीच सर्रास मोडली जाते. जीपीएल या दुसऱ्या, कडक परवान्याचा कोड आत असेल आणि सॉफ्टवेअर बाहेर वितरित होणार असेल, तर सोर्स कोड देण्याची जबाबदारी येते; एजीपीएल या त्याच्या भावंड परवान्याच्या कोडमध्ये बदल करून तो नेटवर्कवरून वापरू दिला तरीही येते. ज्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, परवानाच नाही तिच्यातील कोड कोणालाही मोकळा आहे, ही समजूत तर थेट उलटी आहे : परवाना नाही म्हणजे वापरण्याची परवानगीच नाही. हे सारे कागदोपत्री किचकट वाटत असेल, तर सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीचे उदाहरण पाहावे. तिच्या तेव्हाच्या लिंक्सिस या ब्रँडच्या उपकरणांत जीपीएलच्या अटी पाळल्या नाहीत म्हणून फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने डिसेंबर २००८ मध्ये सिस्कोवर दावा लावला, आणि २००९ साली झालेल्या तडजोडीत अटी पाळल्या जातात की नाही हे पाहण्यासाठी एक स्वतंत्र जबाबदार व्यक्ती नेमण्याचे कंपनीला मान्य करावे लागले.

आता ज्यासाठी ही यादी लिहायला घेतली तो मुद्दा. प्रॉडक्शनच्या, म्हणजे ग्राहक प्रत्यक्ष वापरतात त्या यंत्रणेच्या, डेटाबेसची चाचणीसाठी काढलेली प्रत कोठे आहे, किती ठिकाणी आहे आणि ती आजच्या आज पुसता येईल का? गेल्या वेळी माझ्या यादीत हे नव्हते. स्टेजिंग सर्व्हरवरून, म्हणजे रिलीजपूर्व चाचणीच्या सर्व्हरवरून, स्मरणसंदेशांची चाचणी घेतली आणि ‘चाचणी १२३, कृपया दुर्लक्ष करावे’ हा संदेश खऱ्या ग्राहकांच्या फोनवर गेला, कारण त्या प्रतीतील क्रमांक खरेच होते. माफीचे पत्र पाठवून ते कदाचित निभावलेही असते. पण एका ग्राहक बाईंनी फोन करून विचारले की मी माझे खाते बंद करून सगळी माहिती काढून टाकायला सांगितले होते, तसे झाल्याचे तुमचे उत्तरही माझ्याकडे आहे, मग हा क्रमांक तुमच्याकडे आला कोठून? प्रॉडक्शनमधून त्यांची नोंद खरोखरच काढलेली होती; प्रत मात्र त्याआधीची होती आणि तिच्याकडे कोणी पाहिले नव्हते. युरोपीय संघाच्या जीडीपीआरमध्ये, म्हणजे २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या वैयक्तिक माहितीविषयीच्या नियमावलीत, माहिती पुसून मागण्याचा हक्क सतराव्या कलमात आहे, आणि त्या हक्कातून चाचणीची प्रत वगळलेली नाही.

तेव्हा प्रत शोधावी, आणि ती सर्व्हरवरच असेल असे समजू नये. ती कोणाच्या तरी लॅपटॉपवरील डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये ‘डम्प_फायनल_नवा_२’ या नावाने असते. ती बगच्या तिकिटाला जोडलेल्या एक्सेलमध्ये असते, त्याच तिकिटातील स्क्रीनशॉटमध्ये असते, चॅटवर ‘जरा बघ ना’ म्हणून पाठवलेल्या फाइलमध्ये असते, आणि स्टेजिंग सर्व्हरच्याही बॅकअपमध्ये असते, जो चालू आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते. प्रत्येक सदस्याला नाव घेऊन विचारावे. ‘कोणाकडे आहे का?’ असा मेल सर्वांना पाठवला की उत्तर कोणीच देत नाही.

‘आम्ही नावे काढून टाकली आहेत’ हे उत्तर ऐकून समाधान मानू नये. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे तीन महिन्यांतील शोध नावांऐवजी क्रमांक घालून संशोधनासाठी खुले केले. वार्ताहरांनी त्या शोधांवरूनच एका बाईंचे घर गाठले. त्याआधी लतान्या स्वीनी या संशोधिकेने १९९० च्या अमेरिकी जनगणनेच्या आधारे दाखवून दिले होते की जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी पिनकोड एवढ्या तीनच गोष्टी एकत्र आल्या तर तिथल्या सुमारे ८७ टक्के लोकांची ओळख पटू शकते. चाचणीसाठी डेटा बनावटच तयार करावा. खऱ्या डेटाची ठेवण अगदी हवीच असेल, तर मास्किंग, म्हणजे खरी माहिती झाकण्याचे काम, प्रॉडक्शनच्या आतच उरकावे आणि मगच तो बाहेर काढावा. आधी बाहेर काढू आणि सवडीने झाकू, हा क्रम चालणार नाही, कारण ती सवड मिळत नाही. ईमेलचे पत्ते एक्झाम्पल डॉट कॉमवरचे घालावेत. हे डोमेन अशाच कामासाठी राखून ठेवलेले असल्याने पत्र चुकून सुटले तरी कोणा खऱ्या माणसाच्या हाती पडत नाही. प्रत पुसल्यावर कोणी, कोठून आणि कोणत्या तारखेला पुसली याची नोंद करावी. ‘पुसली असेल’ ही नोंद नव्हे.

लॉग, म्हणजे सॉफ्टवेअर चालताना आपोआप लिहीत जाते ती नोंद, हीदेखील एक प्रतच आहे. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या सर्वच्या सर्व, म्हणजे ३३ कोटींहून अधिक वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला, कारण पासवर्ड झाकले जाण्यापूर्वीच अंतर्गत लॉगमध्ये उघड्या स्वरूपात लिहिले जात होते. बाहेरचा कोणी घुसला नव्हता. दोष घरचाच होता. आपल्या लॉगमध्ये पासवर्ड, टोकन किंवा कोणाचा आजार लिहिला जात नाही ना, हे फाइल उघडून डोळ्यांनी पाहावे.

ज्ञात दोषांची यादी ग्राहकाला लेखी द्यावी. यावर विक्री विभाग कुरकुर करतो, करू द्यावी. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात निदान सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले, आणि त्यांतील काही वेळा यंत्राच्या पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढेच उमटले, ज्याचा अर्थ यंत्र चालवणाऱ्यांना पुरेसा सांगितलेलाच नव्हता. आपले सॉफ्टवेअर कोणाच्या जिवाशी खेळणारे नसेलही, तरी चुकीच्या हिशेबाने कोणाचा पगार अडला तर त्याला ‘माहीत होते, पण सांगितले नाही’ हे उत्तर देता येणार नाही. वरिष्ठांनी गप्प राहायला सांगितले असेल तर आपला आक्षेप लेखी नोंदवावा. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतील फसव्या सॉफ्टवेअरच्या खटल्यात ऑगस्ट २०१७ मध्ये एका अभियंत्यालाही ४० महिन्यांची कैद झाली, हे ‘मी फक्त सांगितलेला कोड लिहिला’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

संमतीचा मजकूर आणि सॉफ्टवेअर प्रत्यक्षात गोळा करत असलेली माहिती शेजारी शेजारी ठेवून वाचावी. आधीच टिक केलेला चौकोन काढून टाकावा. माहिती बाहेरच्या ज्या सेवांकडे जाते त्यांची नावे मजकुरात असावीत.

शेवटच्या आठवड्यात : रिपॉझिटरीत राहिलेल्या गुप्त किल्ल्या (इतर सेवांमध्ये प्रवेश देणारे सांकेतिक शब्द) बदलाव्यात, नुसत्या पुसून उपयोग नाही, त्या इतिहासात राहतात. काम सोडून गेलेल्यांचे प्रवेश बंद करावेत. आणि हो, तीन आठवड्यांपूर्वी पुसलेली प्रत पुन्हा शोधावी, कारण मधल्या काळात कोणीतरी घाईत नवा डम्प काढलेला असतो.

रिलीजच्या दिवशी माहितीची गळती झालीच तर पहिला फोन कोणाला करायचा, त्या व्यक्तीचे नाव आणि क्रमांक भिंतीवर लावावा. जीडीपीआरनुसार गळती कळल्यापासून नियामकाला कळवण्यासाठी ७२ तास असतात, आणि त्यात शनिवार-रविवारही मोजले जातात.