रिफंड, चलन आणि योजनेचे पैसे: फ्रीलान्सरांनो, या चुका टाळा

मी डिचोलीत घरी बसून डिझाइनची कामं करते, क्लायंट बहुतेक मुंबई-बेंगळुरूचे, आणि दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबर आला की ओळखीतल्या दोघातिघांचे तरी फोन येतातच की रिटर्न भरलं, प्रोसेस पण झालं, पण रिफंड काही येईना. क्लायंटने १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच आधी कापून सरकारला भरलेला टॅक्स) कापलेला असतो, आपला टॅक्स तेवढा बसत नाही, म्हणजे तो आपल्याच घामाचा पैसा, आणि अडकतो कुठे, तर बँकेतल्या नावात.

गोव्यात हे जास्तच होतं. एकाच घरात एका भावाचं देसाई एका एसने, दुसऱ्याचं दोन एसने. नाईकाचं जुन्या पोर्तुगीज कागदांवर स्पेलिंगच वेगळं. शाळेच्या दाखल्यावर एक, पॅनवर दुसरं, बँकेत तिसरं. पॅन आणि बँकेतलं नाव जुळलं नाही की इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर खातं व्हॅलिडेट होत नाही, म्हणजे ते आपलंच आहे हे ठरत नाही, आणि तसल्या खात्यात रिफंड पडत नाही. माझं एका वर्षी तेच झालं, पॅनवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, चार महिने वाट बघितली. शेवटी लग्नाचा दाखला दाखवून पॅनवरचं नाव बदललं, खातं परत व्हॅलिडेट केलं आणि मग रिफंड रीइश्यूची, म्हणजे तो परत पाठवायची, रिक्वेस्ट टाकली. ही शेवटची पायरी विसरू नका हं, रिफंड एकदा फेल झाला की खातं नीट करून नुसतं बसून चालत नाही, रिक्वेस्ट टाकावी लागते.

जुनं खातं असेल तर आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड, पण बघा. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरात गेली, कॉर्पोरेशन बँक युनियनमध्ये, पण आपल्याकडे बऱ्याच जणांच्या इन्व्हॉइसवर अजून जुनाच कोड छापलेला असतो. आणि पॅन आधारला लिंक नसेल तर रिफंड थांबतो, वर टीडीएस पण जास्त दराने कापतात.

आता चलन, म्हणजे आपण स्वतः टॅक्स भरतो तो फॉर्म. कमाईच्या ५० टक्के नफा धरून रिटर्न भरणाऱ्यांना ॲडव्हान्स टॅक्सचे (वर्ष संपायच्या आधीच भरायच्या टॅक्सचे) चार हप्ते नसतात, सगळा १५ मार्चपर्यंत एकदम भरायचा, टीडीएस वजा जाऊन १०,००० किंवा जास्त निघत असेल तर. भरताना लोक दोन ठिकाणी चुकतात. एक म्हणजे वर्ष: २०२४-२५ च्या कमाईला असेसमेंट इयर (कमाईच्या पुढचं वर्ष) २०२५-२६ निवडायचं, आपण घाईत कमाईचंच वर्ष टाकतो. दुसरं, ॲडव्हान्स टॅक्सला १०० आणि रिटर्न भरतानाच्या सेल्फ असेसमेंटला ३००, हे कोड उलटे होतात. चूक झाली तर पोर्टलवरच चलन करेक्शन आहे, पण वर्षासाठी ७ दिवस आणि कोडसाठी ३० दिवसच मिळतात, म्हणून चलन भरलं की त्याच दिवशी पीडीएफ उघडून वाचा. पावसाळ्यात लाईट गेली, नेट गेलं आणि पेमेंट मधेच लटकलं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका, आधी बँकेचं स्टेटमेंट आणि पोर्टलवरची पेमेंट हिस्टरी बघा.

रिटर्न भरून ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करा, म्हणजे ते आपणच भरलंय हे ऑनलाइन कळवा. ओटीपी आधारच्या मोबाईलवर येतो, तो नंबर चालू ठेवा.

घरातल्या योजनांचं पण सांगते, कारण ऑनलाइन कामं येतात म्हणून ती फाइल आपल्याच गळ्यात पडते. गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचे महिन्याला १,५०० घेणाऱ्या घरात नवरा-बायकोचं मिळून वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत लागतं, त्यामुळे रिटर्नमध्ये एक आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर दुसरं असं लिहू नका.

आणि आधारवरून येणारे पैसे, म्हणजे गॅस सबसिडी, पीएम किसान, हे सगळ्यात शेवटी ज्या बँकेत आधार सीड झालं, म्हणजे खात्याला जोडलं गेलं, तिथे जातात, तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. २०१७ मध्ये सिम घेताना नकळत उघडलेल्या खात्यांत देशभर लोकांची सबसिडी गेली होती ती यामुळेच. माझ्या वहिनीचे पैसे दोन वेळा आले नाहीत म्हणून ती बँकेत खेटे घालत होती, आणि पैसे एका विसरलेल्या खात्यात सुखरूप पडलेले. यूआयडीएआयच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस दोन मिनिटांत दिसतं, बँकेच्या रांगेत लागायच्या आधी ते बघा, आणि बँक चुकीची दिसली तर हव्या त्या बँकेत जाऊन आधार सीडिंगचा फॉर्म भरा.