कॉलेज सोडण्याआधी निरोप कसा घ्यावा

मी कॉलेज तीनदा सोडलं, बीएस्सी, एमएस्सी आणि बीएड. आता गेली अकरा वर्षं कोल्हापुरात मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टर आहे. शाहू महाराजांनी १९०१ साली इथं मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढलं, मग एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. बॅगा भरून निघालेली पोरं बघायची या गावाला शंभरावर वर्षांची सवय आहे. तरी निरोपाचं विचारलं की सल्ला ठरलेला: सेंड-ऑफला भाषण ठोका, स्लॅमबुक भरा, शर्टावर सह्या घ्या. सह्या जरूर घ्या. त्यालाच निरोप समजू नका, एवढंच.

आधी वेळ ठरवा. ‘शेवटच्या पेपरानंतर भेटू’ हे डोक्यातून काढा. पेपर सुटला की निम्मी पोरं बॅग उचलून थेट एसटी स्टँड गाठतात, उरलेल्यांना न्यायला घरची गाडी आलेली असते. जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, सर्टिफाय झाल्यापासून पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, लागेपर्यंत जे चार-सहा दिवस मिळतात, तेच तुमचे.

ज्यांचा निरोप घ्यायचा त्यांची नावं कागदावर लिहा. सातच्या वर नकोत.

मग उधारी फेडा. टपरीची, मेसची, लायब्ररीची, मित्राकडून आणलेल्या कॅल्क्युलेटरची. पैसे बाकी ठेवून मेसच्या काकूंपुढे गहिवरलात, तर त्यांना तुमच्या तोंडावर वहीतला आकडाच दिसणार.

आता अवघड भाग. मित्राचे आभार मानणं. इथं मी दोनदा सपशेल आपटलो.

बीएस्सीला मी सेंड-ऑफच्या माइकवरून तेवीस जणांचे आभार मानले. शेवटच्या वर्षी मला टायफॉइड झाला होता, तेव्हा माझ्या जर्नलमधल्या आकृत्या ज्यानं रात्री जागून काढल्या, त्याचं नाव कँटीनवाल्यांच्या नंतर कुठंतरी आलं. टाळ्या भरपूर पडल्या. रात्री खोलीवर तो म्हणाला, “माझं नाव हजेरी घेतल्यासारखं घेतलंस.” मला उत्तर सुचलं नाही. सभेतले आभार सभेचे असतात, माणसाचे नसतात, हे मला तेव्हा कळलं. भाषण करायचं तर करा, पण त्यात जवळच्या माणसाचं नाव घालून मोकळे होऊ नका.

एमएस्सीला मी शहाणा झालो होतो. रूममेटला एकटं गाठलं आणि म्हणालो, “मी तुझा फार आभारी आहे.” तो हसत सुटला. “परका केलास व्हय भावा?” विषय तिथंच मिटला.

चूक त्याची नव्हती, शब्दाची होती. ‘आभारी आहे’ हे आपण अर्जाच्या शेवटी लिहितो, ‘धन्यवाद’ सूत्रसंचालक म्हणतो. जिवलगाला यातलं काही म्हटलं की त्याला आपण उंबऱ्याबाहेर उभं केल्यासारखं वाटतं. ‘थँक्यू’ तर पाण्याची बाटली पुढं केली तरी म्हणतात, त्याला वजनच नाही.

म्हणून तो शब्द गाळा. प्रसंग सांगा. एकच, आणि नेमका. बीएडला असताना मी त्या जर्नलवाल्या मित्राच्या गावी गेलो आणि म्हणालो, “परवा ती फाइल सापडली. निम्म्या आकृत्या तुझ्या हातच्या आहेत. तू काढल्या नसत्यास तर माझं वर्ष गेलं असतं.” बस. त्यानं चहा टाकला. दोन वर्षं उशीर झाला होता, पण पोचलं.

हे सांगताना समोरासमोर बसू नका. रंकाळ्यावर चालता चालता सांगा, गादी गुंडाळताना सांगा. डोळ्यांत डोळे घालून असलं बोलायची आपल्याला सवय नाही, आणि ती निघायच्या आठवड्यात लागत नाही. तो लगेच काहीतरी टवाळी करील. करू द्या, फक्त तुम्ही तिला जोड देऊ नका. सांगून झालं की गप्प राहायचं. मला सर्वांत जड गेलं ते हेच.

आणि त्यातच जुन्या भांडणाची माफी मागू नका. आभार आणि माफी एकत्र आले की समोरचा फक्त भांडण ऐकतो. ज्याच्याशी अबोला आहे त्याला वेगळं भेटा. “निघतोय, भेटून जावं म्हटलं” एवढं पुरतं. चूक कुणाची होती, हे मागच्या सेमिस्टरला ठरलं नाही, ते आता जिन्यात ठरणार नाही.

सरांना-मॅडमना स्टाफरूममध्ये एकट्यानं भेटा, आठ जणांचा घोळका नको. कुठला तास लक्षात राहिला ते सांगा. शाल-श्रीफळ नको.

मेसच्या काकूंना दुपारी दोननंतर गाठा. एकच्या सुमाराला त्यांच्या हातात लाटणं असतं.

लायब्ररीतल्या मामांना पुस्तकं परत करतानाच भेटा.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय लिहायचं ते लिहा, कुणी दोन ओळींपुढं वाचत नाही.

निघताना ‘जातो’ म्हणू नका, ‘येतो’ म्हणा. आणि खोलीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवा. दर वर्षी दोन-तीन किल्ल्या पोरांच्या खिशातून गावी जातात, आणि मग कुलूप मला बदलावं लागतं.